माशाच्या पोटातलं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. भजनातली हातपेटी तुम्ही पाहिली असेल. एका हाताने भाता हलवायचा आणि दुसऱ्या हाताने वाजवायचं. माझं तसं नाही. माझ्यासमोर नीट खुर्ची मांडून बसावं लागतं, खालच्या दोन फळ्या पायांनी एकामागून एक दाबाव्या लागतात, तेव्हा कुठे माझ्या छातीत हवा भरते. म्हणून मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, पावलांवरून ओळखते. घाईचं माणूस, भित्रं माणूस, रुसलेलं माणूस, सगळं मला पायांतून आधी कळतं. सध्या माझा मुक्काम कुवेतमध्ये, सलवा भागातल्या एका घराच्या तळघरात आहे. इथे तळघराला सरदाब म्हणतात. वर ऊन रणरणत असतं आणि खाली माझ्यापाशी दिवसभर संध्याकाळ असते. अशा मंद उजेडात मला जुन्या गोष्टी दिसू लागतात.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. लाकूड ब्रह्मदेशचं सागवान, भात्याचं कातडं दक्षिणेतल्या कुठल्याशा शेळीचं, आणि सूर, म्हणजे पितळेच्या त्या पातळ जिभा, थेट जर्मनीहून आलेल्या. मी जन्मायच्या आधीच माझे तुकडे बोटीने जग हिंडले होते. त्यामुळेच की काय, मला बसल्या जागी समुद्राची स्वप्नं पडतात. स्वप्नात मी पाण्यावर तरंगत असते, माझं झाकण उघडं असतं आणि वारा आपोआप माझ्यातून वाजत जातो.

कारखान्यातून मी कोकणात, हर्णैजवळच्या एका शाळेत गेले. रोज सकाळी प्रार्थना माझ्या सुरावर व्हायची. मास्तरांचे पाय मोठे शिस्तीचे होते. त्या शाळेत रुकय्या नावाची एक मुलगी होती. तिचे वडील मालवाहू बोटीवर कामाला, वर्षातून एकदा घरी येणारे. मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली लगोरी खेळायच्या आणि ही मास्तरांची परवानगी घेऊन माझ्यासमोर येऊन बसायची. तिचे पाय फळ्यांपर्यंत जेमतेम पोचायचे. ती खुर्चीच्या अगदी काठावर सरकून, पावलं ताणून मला हवा द्यायची, आणि मी कौतुकाने जरा जास्तच गोड वाजायचे. खोटं कशाला बोलू, मी थोडी लाडावलेलीच होते.

पुढे रुकय्या मोठी झाली, लग्न होऊन गेली. शाळेत विजेवर वाजणारी नवी पेटी आली. मला अडगळीच्या खोलीत ढकललं. माझ्यावर खडूंची खोकी आली, मग फाटके नकाशे आले, मग पावसाळ्याची ओल आली. भात्याला भेगा पडल्या. कुणी चुकून पाय दिलाच तर मी दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकायचे. मित्रांनो, वाजू न शकणाऱ्या वाद्याला कसं वाटतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. मला फार वाईट वाटायचं, एवढंच सांगते.

रुकय्याचा नवरा गफूर याचा कुवेतला धंदा आहे. मोठ्या इमारतींत एसीची थंड हवा वाहून नेणारे पत्र्याचे नळ बसवण्याचा. एकदा सुट्टीत गावी आला असताना शाळेची जुनी इमारत पाडत होते. त्याने मला पाहिलं, बायकोच्या तोंडून शंभरदा ऐकलेली ती पेटी हीच, हे ओळखलं, आणि मला बोटीने कुवेतला मागवून घेतलं. रुकय्याने मला दारात पाहिलं तेव्हा ती हसली. मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पण मी तर वाजतच नव्हते. मग माझ्यावर जाळीदार रुमाल अंथरला गेला. रुमालावर खजुराचं तबक आलं, तबकाशेजारी वायफायचा डबा आला. येणारेजाणारे विचारायचे, हे टेबल कुठून घेतलं. रुकय्या दरवेळी सांगायची की हे टेबल नाही. तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

मग एक दिवस मोरेश्वर आले.

मोरेश्वर हे मूळचे पुण्याचे, कुवेतच्या एका बँकेत हिशेब तपासणारे गृहस्थ. राहायला कुवेतच्या मंगफ भागात. कॉलेजात असताना ते एका चर्चच्या गायनवृंदात गायचे आणि तिथेच त्यांना युरोपातल्या जुन्या, तीनशे वर्षांपूर्वीच्या संगीताचं वेड लागलं. त्या काळाला बरोक म्हणतात. त्या वेळी उपवासाच्या दिवसांत तिकडची नाटकघरं बंद असत. लोकांना करमेना. मग त्यांनी युक्ती काढली. धर्मग्रंथातली एखादी गोष्ट घ्यायची, गायकांनी रांगेत उभं राहून ती गायची. वेश नाही, पडदा नाही, हातवारे नाहीत. गोष्ट सगळी सुरांतून दिसायची. याला ओरॅटोरिओ म्हणतात. मोरेश्वरांना असा एक ओरॅटोरिओ मराठीत रचायचा होता, आणि तो ते बरीच वर्षं रचत होते.

गोष्टही त्यांनी विचार करून निवडली होती. यूनुस नावाचे एक पैगंबर होते. ते आपलं काम सोडून बोटीने निघून जातात, समुद्रात वादळ उठतं, ते कुणामुळे आलं हे ठरवायला खलाशी चिठ्ठ्या टाकतात, चिठ्ठी यूनुसांच्या नावाने निघते, त्यांना समुद्रात टाकतात आणि एक प्रचंड मासा त्यांना गिळतो. माशाच्या पोटातल्या काळोखात ते देवाची आळवणी करतात आणि मासा त्यांना किनाऱ्यावर आणून सोडतो. ही गोष्ट ख्रिस्ती लोकांची आहे, ज्यूंची आहे, मुसलमानांचीही आहे. कुवेतमधल्या मराठी मंडळींत निम्मी रत्नागिरी-रायगडकडची मुसलमान कुटुंबं. मोरेश्वर आणि त्यांच्या पत्नी वीणा यांना वाटलं, यात सगळ्यांनाच आपलं काही सापडेल. शब्द वीणा लिहीत होत्या.

मोरेश्वरांनी एका लग्नात रुकय्याला हळदीची गाणी म्हणताना ऐकलं होतं. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, जाड आणि उबदार. माशाच्या पोटातलं मुख्य गाणं त्यांनी त्या आवाजासाठीच रचलं. तिला विचारायला म्हणून ते घरी आले, चहाचा कप माझ्यावर ठेवला, खाली वाकले आणि त्यांना माझ्या फळ्या दिसल्या. कप त्यांनी लगेच उचलला. त्या क्षणी हा माणूस मला आवडला.

माझी दुरुस्ती गफूरनेच केली. हवा कुठून निसटते ते शोधणं हाच आपला धंदा आहे, असं म्हणून त्याने मला संपूर्ण उघडलं. नव्या भात्यासाठी वफ्र्याच्या एका शेतावरून मेंढीचं मऊ कातडं आणलं. मोरेश्वरांची मुलगी अक्षरा त्याच्या शेजारी मांडी घालून बसली आणि माझा एकेक सूर ब्रशने पुसत राहिली. ती व्हायोलिन वाजवते, आणि मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. मग घरमालकांनी सरदाब वापरायला दिला आणि मला खाली आणलं. पहिला श्वास भरला तेव्हा माझ्यातून इतकी धूळ उडाली की सगळे शिंकत सुटले. पण मी वाजले, मित्रांनो. मी पुन्हा वाजले.

दर शुक्रवारी तालीम होऊ लागली. मोरेश्वर माझ्यासमोर वाजवायला बसायचे. त्या जुन्या संगीतात वाजवणाऱ्यासमोर खालच्या सुरांची एक ओळ असते आणि तिच्यावर नुसते आकडे. आकडे वाचून बाकीचे सूर आपण भरायचे. हिशेबाच्या माणसाला याहून गोड काय असणार? त्यांचे पाय मात्र उतावळे होते. वादळाचा प्रसंग आला की ते मला असं झोडपायचे की मीच बुडते की काय असं वाटायचं. रांगेत उभे राहून सगळे खलाशी व्हायचे, वारा व्हायचे, लाटा व्हायचे. डोळे मिटले की सरदाबच्या भिंती विरघळायच्या आणि आम्ही सगळे हिरव्या पाण्यावर डुलत असायचो.

वीणांचे शब्द नेहमी उशिरा यायचे. त्यामुळे माशाच्या पोटातलं गाणं रुकय्या कितीतरी दिवस नुसत्या आकारात म्हणत होती. काय गाणं होतं ते! आधी एक भाग, मग दुसरा, आणि मग पुन्हा पहिला, पण या खेपेला जरा नक्षीकाम करून. असं परतून येणं ही त्या जुन्या संगीताची रीत आहे. ती गायला लागली की एसी दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा जिन्यावर थांबून राहायचा.

शेवटी शब्द आले. रुकय्याने कागद घेतला, एकदा वाचला, पुन्हा वाचला. मी समोरच होते. तिची पावलं एकमेकांना चिकटून गेली.

"मोरेश्वरभाई, हे मला नाय जमायचं," ती म्हणाली.

मोरेश्वरांना वाटलं, सूर उंच जातोय. ते पट्टी उतरवायला तयार झाले. रुकय्याने मान हलवली.

"गोष्ट सांगायला माझी ना नाय. खलाशांचं सगळं मी म्हणीन. पण हे खुद्द त्यांचं बोलणं. पैगंबरांच्या जागी मी कशी उभी राहू?"

"पण रुकय्याताई, हे नाटक नाही ना. वेश नाही, अभिनय नाही. नुसतं उभं राहून म्हणायचं आहे."

"अब्बा बोटीवर असायचे," रुकय्या हळू म्हणाली. "वादळाची खबर आली की अम्मा यूनुस पैगंबरांची ती दुआ पढत बसायची. आमच्याकडे ती मागायची गोष्ट आहे. लोकांनी ऐकायला खुर्च्या मांडल्यात आणि मी यूनुस होऊन ती म्हणते, हे माझ्याच्याने नाय व्हायचं. तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या. मी रागावणार नाय."

खरंच तिने कुणाला अडवलं नाही की कुणाला दोष दिला नाही. कागदाची घडी घालून माझ्या झाकणावर ठेवली आणि गायनवृंदात आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मोरेश्वर आणि वीणा यांची तोंडं मात्र उतरली. सगळ्यांना जवळ आणावं म्हणून हौसेने निवडलेली गोष्ट, आणि तिच्यातल्या ऐन गाण्यापाशीच त्यांनी रुकय्याला पेचात टाकलं होतं. एवढं साधं आधी विचारायला हवं होतं, असं वीणा जिना चढेपर्यंत म्हणत होत्या.

आता काय करायचं? कार्यक्रमाची तारीख ठरलेली, पाहुण्यांना निमंत्रणं गेलेली. गाणं गाळावं, तर सगळ्या ओरॅटोरिओचा प्राणच जातो. अक्षरा म्हणाली, "बाबा, आय कॅन सिंग इट." आणि तिने म्हटलंही. सुराला पक्की पोरगी आहे ती. पण ते गाणं सुरू झालं की कोकणातली मंडळी कुणाला कळू न देता एकेक करून जिन्याकडे जायची, चहाचं निमित्त करून. गाणं संपलं की परत यायची आणि पुढचं सगळं मन लावून म्हणायची. वाद नाही, भांडण नाही. पण मोरेश्वरांचे पाय मला सांगायचे. त्या गाण्यात ते पाय इतके जड पडायचे की हवा पुरी भरायचीच नाही. हे गाणं असं ठेवलं तर निम्मी माणसं त्यातून वजा होतील आणि काढलं तर आपल्या हातून झालेलं सर्वांत चांगलं काम फुकट जाईल, या कात्रीत तो माणूस सापडला होता. मला त्याची दया यायची.

एका शुक्रवारी धुळीचं वादळ उठलं. आकाश विटकरी झालं, रस्ते दिसेनासे झाले. रुकय्या वरच राहणारी, ती तेवढी ठरल्या वेळी खाली आली. बाकी कुणाचा पत्ता नव्हता. तिने चपला काढल्या आणि माझ्यासमोर बसली. आता तिचे पाय सहज पोचत होते, तरी जुन्या सवयीने ती खुर्चीच्या काठावरच सरकली. मग तिने तेच गाणं वाजवायला घेतलं. शब्द नाहीत, आकारही नाही. नुसते सूर. तिची पावलं इतकी सावकाश चालत होती की मी श्वास घेते आहे हे मलाच कळत नव्हतं. सरदाबच्या खिडकीच्या फटीतून तांबूस धूळ आत झिरपत होती, त्या धुळीत उजेड पाण्यासारखा हलत होता, आणि मला वाटलं, मीच आता त्या माशाच्या पोटात आहे. किंवा कदाचित मीच तो मासा आहे.

मोरेश्वर आणि वीणा उशिरा पोचले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दोघे थबकले. रुकय्याला ते दिसले नाहीत. मला दिसले. वीणांचे ओठ हलत होते. आपण लिहिलेले शब्द त्या सुरांबरोबर मनातल्या मनात म्हणत होत्या त्या.

गाणं संपलं. मोरेश्वर पुढे आले आणि म्हणाले, "रुकय्याताई, हे असंच ठेवलं तर? कुणी गायचंच नाही. तुम्ही वाजवायचं."

रुकय्याची पावलं फळ्यांवरच होती.

"शब्द नसले तर मी कुणाच्या जागी उभी नाय," ती म्हणाली. "वाजवीन मी. ऐकणाऱ्याने आपापली दुआ करावी."

मोरेश्वरांनी बायकोकडे पाहिलं. सगळ्यांत जास्त जाणार होतं ते तिचंच. त्या शब्दांवर वीणांनी किती जीव टाकला होता हे मला ठाऊक आहे, कारण दर तालमीला एखादा शब्द बदलून त्या माझ्या कडेवर कागद ठेवूनच लिहायच्या. मग माझ्या झाकणावरचा तो घडीचा कागद वीणांनी उचलला आणि पर्समध्ये टाकला.

"मला माझे शब्द ऐकू आले," त्या म्हणाल्या. "राहू दे असंच."

अक्षराचं गाणंही त्यात गेलं होतं. तिला वाईट वाटलं, ते तिने लपवलं नाही. पण मग तिने बापाला विचारलं, आणि चक्क मराठीत विचारलं, की पहिला भाग परतून येतो तेव्हा नक्षीकाम मी व्हायोलिनवर करू का? रुकय्यानेच तिला होकार दिला.

कार्यक्रम हिवाळ्यात झाला, शुक्रवारी संध्याकाळी. सरदाब माणसांनी भरून गेला. एसीची घरघर नको म्हणून गफूरने तो बंद केला. कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या मांडीवर पेंगणारं मूल. रांगेत पुण्याची माणसं, मुरूडची माणसं, श्रीवर्धनची माणसं, साध्या काळ्या कपड्यांत. मोरेश्वरांनी मला हवा दिली आणि वादळ उठलं. मी म्हातारी, पण त्या दिवशी मी मागे हटले नाही. खलाशांनी चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी निघाली, समुद्राने तोंड उघडलं आणि मिटलं. मग सगळं शांत झालं.

रुकय्या रांगेतून बाहेर आली. मोरेश्वर उठले आणि त्यांनी तिला खुर्ची दिली. लोक गायकाची वाट बघत होते. कुणी उभं राहत नाही असं पाहून एकदोघांनी माना वळवल्या. कुणीतरी कुजबुजलं, गाणारी विसरली वाटतं. एवढ्या माणसांसमोर, शब्दांचा आधार न घेता, मी एकटीने ते गाणं कसं पेलणार? माझी एक फळी करकरते, ती नेमकी आता करकरली तर? तेवढ्यात तिची अनवाणी पावलं मला लागली. ती थरथरत होती. घाबरलेली मी एकटी नाही हे कळलं तेव्हा मला धीर आला.

आम्ही दोघींनी मिळून सुरुवात केली. पहिला भाग मी वाजले तेव्हा खोलीत काळोख दाटत गेला असं मला वाटलं, उबदार, खारट काळोख. दुसऱ्या भागात माझी फळी करकरलीच, पण जुन्या बोटीचं लाकूड वाजावं तशी, आणि कुणाला ती चूक वाटली नाही. पहिला भाग परतून आला आणि अक्षराचं व्हायोलिन माझ्या सुराभोवती बारीक बुडबुड्यांसारखं वर चढत गेलं. पुढच्या रांगेत गफूरची आई बसली होती. तिने दोन्ही तळवे उघडून समोर धरले. तिच्या शेजारच्या बाईंनी हात जोडले. मागे कुणी नुसतेच डोळे मिटले होते. जिन्याकडे कुणीही गेलं नाही. सगळ्यांचे ओठ हलत होते, प्रत्येकाचे वेगळे, आणि आवाज फक्त माझा होता.

शेवटचा सूर विझला. मागच्या रांगेतले एक काका सवयीने वन्समोअर म्हणायला उठले, तोंड उघडलं आणि तसेच खाली बसले. टाळी कुणी वाजवली नाही. मोरेश्वर भिंतीला टेकून रडत होते आणि डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग रुकय्या उठून रांगेत आपल्या जागी गेली आणि किनारा दिसल्याचं शेवटचं गाणं सगळ्यांनी मिळून म्हटलं.

त्यानंतर तो ओरॅटोरिओ पुन्हा झाला, आणखीही होईल. माझ्यावर आता तबक ठेवत नाहीत. धुळीचे दिवस आले की गफूर मला चादर पांघरतो, आणि रुकय्या रोज थोडा वेळ येऊन मला हवा देते, कारण न वाजवता ठेवलेली पेटी लवकर मरते. मित्रांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या घरी अशी कुणी जुनी पेटी असेल तर तिच्यावर सामान रचू नका. तिला अधूनमधून श्वास द्या. आणि तुमच्याबरोबर गाणारं कुणी एखाद्या ठिकाणी थांबलं तर त्याला ढकलू नका, सोडूनही जाऊ नका. का थांबलं ते विचारा आणि त्याच्यासाठी थोडी वाट पाहा.

कार्यक्रमाला आलेले लोक अजून कधी कधी सरदाबमध्ये उतरतात आणि विचारतात, त्या गाण्याला म्हणे आधी शब्द होते, काय होते ते? वीणा हसतात आणि चहाचं विचारतात. रुकय्या कप आणायला वर जाते. मग कुणीतरी थट्टेने माझ्या झाकणावर टिचकी मारून म्हणतं, हिला विचारा, हिला ठाऊक असेल. मला ठाऊक आहेत. सगळ्या तालमी मी ऐकल्या आहेत, त्यातली एकेक ओळ मला तोंडपाठ आहे. माझी सगळी कहाणी मी तुम्हाला मोकळेपणाने सांगितली, पण ते शब्द मी सांगणार नाही.